दोनशे वीस अकोले

माझ्या आईनं आयुष्यात एकदाच माझ्यावर फडा उगारला, तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो, एका कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि फड्याचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं.

(फडा म्हणजे आमच्या वऱ्हाडातली केरसुणी. लागते तितकीच.)

आई जाऊन दीड महिना झाला. भेटायला येणारी माणसं तिच्या चांगल्या गोष्टी सांगतात आणि मी मान हलवतो. माणसं गेली की मी माझ्या खुर्चीत बसतो आणि मला तो फडा आठवतो. त्या दिवशी तिनं मला खरोखर मारायला हवं होतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. मारलं नाही, म्हणून ते आता लिहून काढतो आहे. हळूहळू लिहितो. हिशेब घाईनं केला की काय होतं, याचा मला अनुभव आहे.

आईचा एक नेम होता. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते मुक्कामी पोचेपर्यंत घरात झाडायचं नाही, आणि पोचल्याचा निरोप येईपर्यंत तिनं जेवायचं नाही. झाडलं तर जाणाऱ्याची वाट पुसली जाते, असं तिला तिच्या आईनं सांगितलं होतं. न जेवण्याची भर तिनं स्वतःची घातली होती.

या नेमाचा कधी कुणाला त्रास झाला नाही, कारण आमच्या घरातला प्रवास म्हणजे अमरावतीहून अकोला. अकोला आईचं माहेर. एस.टी. निघाली की आई घड्याळाकडं बघायची. "आता मूर्तिजापूर आलं असन," असं अर्ध्या वाटेवरच्या गावाचं नाव घेऊन कणीक भिजवायची, आणि अडीच तासांनी मामांचा फोन आला की झाडून घेऊन पानावर बसायची. अडीच तासांत घराचा उकिरडा होत नाही आणि माणूसही उपाशी मरत नाही. सगळा नेमच अकोल्याच्या मापानं बेतलेला होता.

आणि माझी धाकटी बहीण वंदना अमेरिकेला निघाली.

ही गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा वऱ्हाडात कापूस होता पण कापसाला विचारणारं कोणी नव्हतं. सकाळी वाचनालयात पेपर दांडीला लावायचं काम माझं. लावण्याआधी मी तिसरं पान वाचायचो, कुठल्या शेतकऱ्यानं जीव दिला ते, आणि गावाचं नाव बघायचो, कारण त्या त्या गावची पोरं आमच्या कॉलेजात शिकत होती. ऑफिसातला फोन वाजून शिपाई वर्गांकडं निघाला की सगळा व्हरांडा गप्प व्हायचा. तो कोणत्या दारापाशी थांबतो तेवढं बघायचं. त्याचा परिणाम असा झाला होता, की घरी फोन वाजला तरी आधी मी दाराकडं बघायचो आणि मग हात पुढं व्हायचा. मूळचा मी भित्राच. त्या वर्षांनी त्याला शिस्त लावली.

वंदनाचा नवरा तीन महिन्यांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोला नोकरीवर गेला होता. आता ही एकटी निघाली होती. त्याआधी तिनं एकटीनं केलेला सगळ्यांत मोठा प्रवास म्हणजे परतवाडा. रविवारी संध्याकाळी बडनेऱ्याला गाडीत बसायचं, मुंबईत दिराकडं एक दिवस राहायचं आणि मंगळवारी सकाळी सहाचं विमान पकडायचं. मध्ये युरोपात एकदा विमान बदलायचं. तिकडून फोन फार महाग पडायचा, म्हणून मीच ठराव केला: पोचलीस की घरी फोन लावायचा, दोन घंट्या वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. कोणी उचलायचा नाही. दोन घंट्या म्हणजे सुखरूप.

हा ठराव चौघांना माहीत होता. मी, आई, माझी बायको मंगला आणि वंदना. हे लक्षात ठेवा, पुढं याच चारातून मी एक भयंकर निष्कर्ष काढणार आहे.

शनिवारी आईनं मला विचारलं, "किती लांब हाय रे थे गाव?"

"मोजून सांगतो."

मंगला म्हणाली, "मोजायचं काय त्यात? तिकिटावर लिहिलंय. मंगळवारी सकाळी सहाला निघणार आणि मंगळवारीच दुपारी साडेतीनला पोचणार."

"ते साडेतीन तिथल्या घड्याळातले."

"मग आपल्या घड्याळात किती?"

"म्हणूनच तर मोजायचं!"

(तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागं असतं, हे मला माहीत होतं. साडेतीनमध्ये साडेतेरा मिळवले असते तर बुधवारची पहाट निघाली असती. पण बेरीज काय, कोणीही करतं. मी संशोधन करत होतो.)

माझ्या खुर्चीच्या मागं भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. आईच्या फुलवातीच्या डब्यातला दोरा घेतला, मुंबईवर टाचणी लावली आणि अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक महासागर, अख्खी अमेरिका असं करत दोरा पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत ताणला. मग तो नकाशाच्या कोपऱ्यातल्या मापावर धरला.

"एकवीस हजार किलोमीटर," मी जाहीर केलं.

"मंजे किती अकोले?"

आईला किलोमीटर कळत नसत असं नाही. तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. मी भागाकार केला.

"दोनशे वीस."

आई खाली बसली. "दोनशे वीस अकोले! आन एका अकोल्याले अडीच तास..." तिनं बोटांवर काहीतरी केलं. मी कागद शोधेपर्यंत तिचं उत्तर तयार होतं. "मंजे तेवीस दिवस! तेवीस दिवस मी उपाशी राहू काय?"

"आई, विमान म्हणजे एस.टी. नव्हे."

"मंग किती वेळ लागते, सांग ना! पुस्तकं वाचून राहिला ना तू जन्मभर?"

हे खरं होतं. मी सोमवारी वाचनालयातून ज्ञानकोशाचा खंड घरी आणला. चामड्याच्या पाठीचा, हातात धरला की आपण सुशिक्षित असल्याची खात्री पटावी असा जाड. त्यात 'विमान' या नोंदीखाली स्वच्छ छापलं होतं: प्रवासी विमानाचा वेग ताशी सुमारे पाचशे किलोमीटर. एकवीस हजार भागिले पाचशे, बेचाळीस तास. मधल्या मुक्कामाचे चार. एकूण सेहेचाळीस.

"गुरुवारी पहाटे चारला विमान उतरेल. सकाळी आठच्या सुमारास दोन घंट्या."

मंगलानं कपाळाला हात लावला. आईला साखरेचा आजार होता. गोळी घेऊन पोट रिकामं ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, एकदा तिला आणि एकदा आम्हाला. बरीच हुज्जत होऊन असं ठरलं, की विमान सुटेपर्यंत आई जेवेल, नंतर फक्त पाणी आणि बिनसाखरेचा चहा, आणि तोवर गोळी बंद. झाडणं मात्र रविवारपासूनच बंद. मुंबई म्हणजे मुक्काम नव्हे, असा आईचा निकाल होता.

इथं रशीदचाचांना आणायला हवं. ते आमच्या शेजारी राहत, पिंजाऱ्याचा धंदा. त्या वर्षी नवी गादी कोणी भरत नव्हतं, लोक जुनाच कापूस पिंजून घेत. आम्हीही थंडी सुरू झाली म्हणून दोन गाद्या उसवून त्यांना दिल्या होत्या, आणि ते आमच्याच ओसरीवर बसून पिंजत होते. हे काम आधीच ठरलेलं. झाडणं बंद होणार हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

मंगळवारी सकाळी सहाला विमान सुटलं आणि नऊला चाचांची कमान टंग टंग वाजायला लागली. कापसाचे तंतू ओसरीतून बैठकीत, बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून देवघरात गेले. दुपारी गणपतीला दाढी आली होती. त्यात आळीतली माणसं चौकशीला येऊ लागली. दिवस तुरीच्या शेंगांचे. प्रत्येकजण उकडलेल्या शेंगांचं गाठोडं घेऊनच यायचा, सोलत बसायचा, "पोचली काय?" म्हणायचा, आणि टरफलं तिथंच टाकून जायचा. उचलायची सोय नव्हती. उचलणं हे झाडण्यात येतं का, यावर मंगला आणि आई यांचा अर्धा तास वाद झाला. येतं, असं ठरलं. संध्याकाळपर्यंत आमच्या बैठकीत चालताना कुरकुर आवाज येत होता आणि पाऊल दिसत नव्हतं.

चाचा म्हणाले, "सर, इतका टाइम नाई लागत. माझा भाचा दुबईले गेला, तीन घंट्यात पोचला."

"चाचा, दुबई म्हणजे या रस्त्यावरचं मूर्तिजापूर," मी म्हणालो. (मला हे वाक्य फार आवडलं होतं. मी ते त्या दिवशी आणखी तिघांना ऐकवलं.)

"तरी बी," चाचा म्हणाले, आणि पुन्हा कमान हातात घेतली.

आई देवासमोर बसून होती. दर तासाला ती मला विचारायची आणि मी दोरा धरून सांगायचो. "आता अरबस्तान." "आता लाल समुद्र." "किती अकोले झाले?" "पंचवीस." रात्री ती उपाशी झोपली तेव्हा वंदना माझ्या हिशेबानं आफ्रिकेच्या वाळवंटावर होती. मलाही झोप लागली नाही. वाळवंटात उतरायला जागा असते का, हे पुस्तकात दिलेलं नव्हतं.

बुधवारी सकाळी साडेसातला फोन वाजला.

ट्रिंग. ट्रिंग.

आणि बंद.

"पोचली वं माय माझी!" आई अशी उठली, की तिच्या वयाच्या बाईनं उठू नये. मंगलानं लगेच तिच्या हातावर गोळी आणि पाणी ठेवलं. आईनं गोळी गिळली, म्हणाली, "आंदी झाडतो, मंग जेवतो," आणि दाराआडचा फडा उचलला.

मी दात घासत होतो. तसाच धावलो. "थांब! झाडू नको!"

"कावून?"

"ती पोचलेली नाही. आताशी पंचवीस तास झालेत. सेहेचाळीस व्हायचेत!"

मी फडा धरला. आईनं सोडला नाही.

"सोड."

"तू सोड!"

"अरे, दोन घंट्या वाजल्या!"

"राँग नंबर असेल. तू आता झाडलंस आणि ती अजून समुद्रावर असली तर?"

हे बोलायला नको होतं. माझा त्या नेमावर काडीचा विश्वास नव्हता. तिचा होता, हे मला माहीत होतं आणि मी ते वापरलं. आईनं फडा उगारला. म्हणजे तिचं टोक वर गेलं, आणि माझं टोक माझ्या हातात असल्यामुळं मीही थोडा वर गेलो. मग तिचा हात खाली आला. तिनं फडा सोडला.

"राँग नंबर," ती म्हणाली. "राँग नंबरवाल्याले आपला ठराव कसा मालूम?"

मी विचार करायला लागलो. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक वाईट घटना या वाक्यानं सुरू होतात.)

ठराव चौघांना माहीत. तिघं या घरात. म्हणजे फोन वंदनाचाच. पण वंदना पोचलेली असणं शक्य नाही, तसं छापलेलंच आहे. फोन करायला जमीन लागते. म्हणजे विमान मध्येच कुठंतरी उतरलंय. मी नकाशाकडं गेलो. मुक्कामाचे तास वजा केले, दोरा धरला आणि टाचणी टोचली. टाचणी निळ्यात गेली. आफ्रिकेचा किनारा मागं पडलेला, पुढं नुसता अटलांटिक. जवळ माशी बसून गेल्यासारखे दोन-तीन ठिपके होते. बेटं.

मी टाचणी तशीच सोडून वळलो. पुस्तकी माणसानं अशा वेळी मनात बोलावं. मी मोठ्यानं बोललो.

"विमान समुद्रात एखाद्या बेटावर उतरवलं असणार."

ओसरीतली कमान थांबली. मंगलाच्या हातातली वाटी तशीच राहिली. आई अर्ध्या भरलेल्या गादीवर बसली. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "पोट्टीले पोहता येत नाही रे."

मला त्या क्षणी जी भीती वाटली ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तिसऱ्या पानावरची सगळी गावं एकदम आठवली. इतके दिवस मी दुसऱ्यांची नावं बघून पेपर दांडीला लावत होतो.

मंगला म्हणाली, "अहो, बूथवर जाऊन जावईबापूंना फोन लावा ना!"

"आणि काय सांगू? तुमची बायको अटलांटिकात आहे?"

"त्यांनाच माहीत असेल!"

"माहीत असतं तर त्यांचा फोन आला असता. नसेल, तर आपण कळवायचं?"

असा मी प्रत्येक दार स्वतःच्या हातानं लावत होतो. फोन लावला की खरं कळणार, आणि मला खरं कळून घ्यायचं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. मी खुर्चीत बसून राहिलो. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. आळीत बातमी गेली. माणसं आली. कोणी शेंगा आणल्या नाहीत. टरफलांवर बसून गेली.

अकरा वाजता मंगलानं आईचा हात धरला आणि माझ्याकडं बघितलं. आईला दरदरून घाम सुटला होता. बोटं थरथरत होती. दीड दिवस पोटात अन्न नाही, आणि सकाळची गोळी आत गेलेली.

"आई, साखर घ्या. चिमूटभर."

"पोट्टी पोचू दे."

"आई, तुम्ही पडाल."

"पोचू दे मनलं ना."

रशीदचाचा दारात उभे होते. एरवी ते मला 'सर' म्हणताना थोडं हसायचे. या वेळी हसले नाहीत. "सर," ते म्हणाले, "बाई तुमच्या हिशोबावर उपाशी हाय. जा. फोन लावा."

मी सायकल काढली. बूथ चौकात होता. त्या रस्त्यानं मी किती वेगानं गेलो ते मला सांगता येणार नाही. वेगाच्या बाबतीत माझा शब्द कोणी धरणारही नाही. सगळ्या वाटेवर दोनच चित्रं समोर होती. एका बेटावर वंदना आणि एका गादीवर आई, आणि दोघींच्या मध्ये दोरा धरून मी.

बूथवाल्यानं नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. मग कोणीतरी उचलला.

"हॅलो?" झोपेतला आवाज.

"वंदना?"

 पलीकडं किंकाळीच. "दादा! आई? दादा, आईला काय झालं? बोल ना रे!"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.  पलीकडं ती रडायला लागली. "दादा, खरं सांग. आई आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. "तू कुठं उतरलीस?"

"काय?"

"कोणत्या बेटावर?"

"बेट? दादा, तुला बरं आहे ना?"

"विमान कुठं उतरवलं त्यांनी?"

"विमानतळावर उतरवलं! मी घरी आहे, पलंगावर! इथं रात्रीचे दहा वाजलेत. दोन घंट्या दिल्या ना मी, तूच सांगितलं होतंस तशा?"

"पण तू उद्या पोचणार होतीस."

"असं कोण म्हणालं?"

"ज्ञानकोश," मी म्हणालो. तिचा आवाज एकदम खाली आला.

"दादा, आई जेवली का?"

मी फोन ठेवून दिला. तिला वाटलं असणार, लाईन कटली. बूथवाल्याला पैसे दिले, तो उरलेले परत देतोय हेही न बघता सायकलवर बसलो. आता भीती वेगळी होती. बहीण पोचली होती. आई राहिली असेल का, एवढंच बघायचं होतं. घराच्या कोपऱ्यावरून मी ओरडायला सुरुवात केली. "पोचली! आई, साखर खा! वंदना पोचली!" चार घरांतली माणसं बाहेर आली.

माझं घर तेवढं शांत होतं.

ओसरी स्वच्छ होती. बैठक स्वच्छ होती. देवांच्या दाढ्या काढलेल्या. आणि स्वयंपाकघरात आई पाटावर बसून वरण-पोळी खात होती. रंग उतरलेला, पण घास नीट जात होता. रशीदचाचा उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते.

"पोचली ना?" आई म्हणाली.

"पोचली. पण तुला..."

"सकाळी साडेसातले पोचली. दोन घंट्या वाजल्या. तूनं बी ऐकल्या."

मग मंगलानं सांगितलं. मी गेल्यावर तिनं तो ज्ञानकोश आपटण्यासाठी म्हणूनच उचलला होता. आपटताना तो 'विमान' या पानावर उघडला. मी मजकूर वाचला होता. चित्र बघितलं नव्हतं. आईनं ते चित्र जवळ घेतलं आणि म्हणाली, "याले तर पंखे हायत."

चार पंखे होते. दोन इकडं, दोन तिकडं.

"वंदीच्या तिकिटावरल्या विमानाले पंखे नव्हते," आई म्हणाली. चाचांनी पुस्तकाचं पहिलं पान काढून मंगलाला साल वाचायला लावलं आणि म्हणाले, "बाई, हे पुस्तक सरांच्या आंदी जन्मलं हाय. त्या टाइमचं विमान हळू असन. आपल्या पोरीचं कावून हळू असन?" एवढं ऐकून आईनं साखरेसाठी हात पुढं केला. अंगात थोडा जोर आला तशी ताट वाढायला सांगितलं आणि फडा मंगलाच्या हातात दिला.

म्हणजे मी अर्ध्या जगापलीकडं फोन लावून जे आणलं, ते माझ्या घरात एका चित्रावरून आधीच ठरून गेलं होतं. (दोराही चुकलाच होता, हे नंतर भूगोलाच्या प्राध्यापकांनी सांगितलं. गोल पृथ्वीवरचं अंतर सपाट नकाशावर मोजायचं नसतं. खरं अंतर साडेतेरा हजार. माझ्या आईच्या उपासात मी जवळजवळ ऐंशी अकोले फुकट घातले होते.)

मी थकून माझ्या खोलीत गेलो आणि थांबलो. सगळं घर लख्ख, पण नकाशाखाली माझ्या खुर्चीच्या भोवती कापूस आणि टरफलं जशीच्या तशी. खडूनं आखल्यासारखा गोल सोडून झाडलं होतं.

"इथलं राहिलं," मी बाहेर हाक मारून सांगितलं.

"राहिलं नाही," आई घास चावत म्हणाली. "ठेवलं. तुझं विमान अजून पोचलं नाही ना. उद्या आठ वाजता झाडतो."

आणि गुरुवारी बरोबर आठ वाजता तिनं तेवढं झाडलं. पुढं वीस वर्षं, मी कुठलीही गोष्ट मोजून सांगितली की ती फक्त एवढंच म्हणायची, "पंखे पायले काय?"

गेल्या महिन्यात ती गेली. सकाळी गेली, जेवून, आपल्या पलंगावर. दुपारी आम्ही तिला पोचवून परत आलो. शेजारच्या बायका घर झाडायला लागल्या होत्या. रीतच आहे तशी. मी दारात उभा राहिलो आणि कसं कोण जाणे, एकीच्या हातातला फडा धरला.

"थांबा," मी म्हणालो.

"कावून, दादा?"

 ओसरीवर रशीदचाचा बसले होते, आता ऐंशीच्या घरातले. ते म्हणाले, "झाडू द्या सर. बाई कवाच पोचली असन. तुमच्या हिशोबावर नका जाऊ."

मी फडा सोडला. कोणी ओढतच नव्हतं. मी खोलीत जाऊन खुर्चीत बसलो. बायका आत आल्या, सगळीकडं झाडलं आणि मी पाय उचलायची वाट बघत उभ्या राहिल्या. मी पाय उचलले नाहीत. तेवढी जागा सोडून त्या निघून गेल्या.

दीड महिना झाला. मंगला रोज झाडते, पण माझ्या खुर्चीखाली फडा नेत नाही, आणि विचारतही नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की माझ्या हिशेबानं आई आता कुठं मूर्तिजापूरला पोचली असेल. आणि माझा हिशेब कसा असतो, ते तुम्हाला आता माहीतच आहे.